आधी तिला

"ही कुणाची?"

भास्कर मास्तरांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच हेमाच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. १९९८ सालचा नाताळ तोंडावर आला होता, परातीत भरलेल्या करंज्या कापडाखाली झाकल्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वडिलांच्या हातात रमची अर्धी रिकामी बाटली होती. तिच्या कपाटातून, तिच्या साड्यांखालून काढलेली!

हेमाने ती बाटली आयुष्यात कधी पाहिली नव्हती. पण वडिलांच्या मागे ओटीवर उभा असलेला उन्मेष तिला दिसला. तिचा धाकटा भाऊ. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तो तिच्याकडे पाहत होता... लहानपणी भिंतीवर शाई सांडल्यावर पाहायचा तसाच. एका क्षणात तिला सगळं कळलं. बाबा दर शनिवारी उन्मेषची ट्रंक तपासत. बहिणीचं कपाट कोण तपासणार, असं त्याला वाटलं असणार.

येत्या जूनमध्ये उन्मेष पुण्याला पाळक, म्हणजे धर्मगुरू, होण्याच्या शिक्षणासाठी जाणार होता. रत्नागिरीच्या चर्चमधल्या मंडळीने त्याची निवड केली होती. आई गेली तेव्हा तो अंगणात रांगत होता. हेमाने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, मांडीवर घेऊन प्रार्थना शिकवली. तो एक दिवस वेदीपाशी उभा राहील, हे स्वप्न बाबांचं होतं तितकंच तिचंही होतं.

"मी काय विचारतोय, हेमा?"

"कपाट माझं आहे, बाबा," ती म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या साऱ्या वर्षांत या वाक्यापलीकडे ती कधी गेली नाही. तिने ओटीकडे पाहिलं. उन्मेषने मान खाली घातली होती. तो आता बोलेल, या क्षणी बोलेल, असं तिला वाटत राहिलं... कढईतल्या करंज्या करपल्या, तरी तो बोलला नाही.

भास्कर मास्तर मंडळीचे वडील होते, म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीने मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. रत्नागिरीत दारूविरुद्ध बोलायला उभं राहावं तर त्यांनीच. त्यांचे स्वतःचे वडील माडीच्या दुकानाच्या पायरीवर मेले होते, आणि ते प्रेत हातगाडीवरून घरी आणताना लहानग्या भास्करच्या मागे गावची पोरं हसत आली होती. ते हसू त्यांच्या कानांतून कधी गेलं नाही. त्यामुळे त्यांनी स्वतःच्या लेकीची गोष्ट घरात मिटवली नाही. ते स्वतः ती मंडळीपुढे घेऊन गेले.

बैठकीत म्हातारे पाळकसाहेब सौम्यपणे म्हणाले, "मास्तर, शास्त्राचा रोष झिंगण्यावर आहे. घोटावर आहे असं मला काही दिसत नाही. काना गावच्या लग्नात प्रभूनेच पाण्याचा द्राक्षारस केला. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा घ्यायला सांगितलं. पोरीला आधी विचारा तरी, काय झालं ते."

"नोहा प्यायला आणि आपल्या तंबूत उघडा पडला, तेही त्याच शास्त्रात आहे," भास्कर मास्तर म्हणाले. "थोडा म्हणजे किती, ते माझ्या बापाला कधी समजलं नाही. हिलाही समजणार नाही. उन्मेष, ऊठ. पौलाचं रोमकरांस पत्र काढ. चौदावा अध्याय. वाच तुझ्या बहिणीला."

आणि उन्मेष उठला. ज्या खाण्याने, ज्या पिण्याने आपला भाऊ अडखळतो ते सोडून देणंच चांगलं, हा उतारा त्याने वाचला. त्याचा आवाज स्पष्ट होता, कुठे अडला नाही. हेमा त्याच्याकडे पाहत ऐकत होती. भाऊ अडखळू नये म्हणून माणसाने किती सोडायचं असतं? द्राक्षारसच फक्त... की नावही, लाजही, सगळंच?

निर्णय झाला. हेमाला प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकर आणि प्याल्यापासून, दूर ठेवायचं. मंडळीपुढे उभं राहून, मी प्याले आणि मला पश्चात्ताप झाला आहे, असं ती म्हणेल त्या दिवशी तिला परत घ्यायचं. मुलांची रविवारची शाळा तिच्याकडून काढून घेतली. प्रभुभोजनासाठी मनुका उकळून रस काढायचं काम आईच्या मागे तीच करायची. तेही गेलं.

चिपळूणच्या शमुवेलशी तिचं लग्न ठरलं होतं. लोट्याच्या एका कारखान्यात तो शिफ्टला होता, हसरा आणि थोडा भिडस्त. तो एकटाच बसने आला, अंगणाच्या कडेला फणसाच्या सावलीत तिच्यासमोर उभा राहिला.

"तू फक्त नाही म्हण, हेमा. मी आईला समजावतो. तू नाही म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन."

तिच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. पण ती नाही म्हणाली असती तर मग कुणाची, हा प्रश्न घराच्या दुसऱ्या खोलीपर्यंत पोचायला वेळ लागला नसता. ती गप्प राहिली. शमुवेल बराच वेळ थांबला, मग "सलाम" म्हणून निघून गेला. पुढच्या मे महिन्यात त्याचं लग्न दुसरीकडे झालं.

पश्चात्ताप मात्र तिने कधी केला नाही. भावासाठी गप्प राहणं वेगळं. देवाच्या समोर उभं राहून, न केलेलं केलं म्हणून सांगणं तिला जमणारं नव्हतं. तिच्याकडे आता तेवढंच उरलं होतं, आणि ते ती कुणालाही देणार नव्हती. लोकांनी त्याला तिचा ताठा म्हटलं. बाबा तिच्याशी कामापुरतं बोलत. कुणी घरी आलं की ते तिच्यादेखत सांगत, "शास्त्र वाचायला हिला सांगू नका. ती वाचेल, पण ऐकणाऱ्याला वास येईल." हेमा चहाचे कप घेऊन आत जाई.

उन्मेष पाळक झाला. लवकरच रत्नागिरीच्याच मंडळीत नेमला गेला. त्याची बायको नीरजा गुणी होती, आणि त्याचं बोलणं लोकांना हलवून सोडणारं होतं. दारूबंदीच्या रविवारी तो वेदीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "दारू दुसऱ्याच्या घरात असते असं समजू नका. तिने माझ्या घरातून माझी बहीण नेली." साऱ्या बायकांच्या माना मागे वळल्या. हेमाच्या अंगाची लाही झाली. ती उठली नाही. उठून गेली असती तर तिच्या भावाचं वाक्य अर्धवट राहिलं असतं.

त्या दुपारी तो जेवायला आला तेव्हा ताट वाढताना तिने विचारलं, "ते बोलायची गरज होती?"

"ताई, तुला कळतंय ना," तो भाताकडे पाहत म्हणाला, "आता मी बोललो नाही तर लोक म्हणतील, बहीण म्हणून झाकतोय."

हेमाने त्याच्या भातावर आमटी वाढली. तिला त्या क्षणी त्याची कीव आली आणि घृणाही वाटली, दोन्ही एकदमच.

२००६च्या उन्हाळ्यात भास्कर मास्तरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं हेमाच करी. नीरजा कधीमधी येऊन बसे. उन्मेष प्रार्थना करून जाई.

एका दुपारी ती त्यांना पेज भरवत होती. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"हेमा... मला... ठाऊक होतं."

"काय, बाबा?"

"बाटली. उन्मेषची."

तिला वाटलं, आजाराने ते भरकटलेत. पण त्यांचे डोळे स्वच्छ होते. एकेक शब्द ओढत ते सांगू लागले. उन्मेष पुण्याला गेला त्या जूनच्या आधीच, हातखंब्याला बसची वाट बघताना त्यांना उन्मेषचा मित्र बाबू भेटला होता. बाटली त्यानेच आणून दिली होती. हेमाचं लग्न मोडल्याचं ऐकून त्याला राहवलं नाही, आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"मग... मला का, बाबा?" तिने विचारलं. "तुम्हाला माहीत होतं... तरी लोकांसमोर मला वास येतो म्हणालात?"

"तो... मंडळीचा होता." त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहू लागलं. "तू घरची. तू सोसशील... हे ठाऊक होतं."

हेमा उठली. मागच्या दाराने परसात गेली आणि चिऱ्याच्या बांधावर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उन्मेषने भ्यायलेल्या पोरासारखं तिला पुढे ढकललं होतं, ते तिने कधीच समजून घेतलं होतं. पण ज्या बापासमोर ती अपराधी म्हणून वर्षानुवर्षं खाली मान घालून वावरली, तो बाप तिला निर्दोष ओळखून होता! तिची शिक्षा चुकीने झाली नव्हती. हिशेबाने झाली होती... बऱ्याच वेळाने ती आत आली. पेज निवली होती. तिने ती गरम केली आणि उरलेली भरवली.

"क्षमा..." ते म्हणाले.

"तोंड उघडा," ती म्हणाली. "सांडेल."

पावसाळ्याच्या अखेरीस डॉक्टरांनी आशा सोडली. रविवारी उपासना आटोपून उन्मेष भाकर आणि प्याला घेऊन घरी आला. सोबत नीरजा आणि मंडळीचे ज्येष्ठ वडील गंगाराम. हेमा रिवाजाप्रमाणे दारापाशी, बाहेरच्या बाजूला उभी राहिली. उन्मेषने प्रार्थना केली आणि भाकरीचा तुकडा वडिलांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"बाबा, घ्या."

"आधी तिला," भास्कर मास्तर म्हणाले.

उन्मेषने हात मागे घेतला. "बाबा, नियम तुमच्याच वेळचा आहे. ताईने पश्चात्ताप केल्याशिवाय मला देता येत नाही."

"आधी... तिला."

त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. श्वास घरघरत होता. गंगाराम पुढे झाले. म्हातारा भला माणूस होता. "बाय, मास्तरांचा जीव अडकलाय बघ. मी साक्षीला हाय. दोन शब्द बोल, संपला. मंडळीत मी बघून घेईन."

हेमाने वडिलांकडे पाहिलं. प्रभुभोजनाशिवाय जायची त्यांना आयुष्यभर भीती होती, हे तिला माहीत होतं. आता खरं सांगायची वेळ त्यांची होती, पण तेवढी वाचा त्यांच्यात उरली नव्हती, की अजूनही लेकाचं नाव घ्यायचं धाडस नव्हतं, देव जाणे. ती आत आली. पलंगापाशी गुडघे टेकले. जे शेवटचं तिने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं, तेही आता द्यायचं होतं... तिने डोळे मिटले.

"प्रभू, मी दारू प्या..."

"ताई, नको."

उन्मेषचा आवाज फाटला होता. त्याने ताटली खिडकीत ठेवली. "देवासमोर खोटं बोलू नकोस. माझ्यासाठी एवढं नको." तो गंगारामांकडे वळला. "बाटली माझी होती, काका. मी तिच्या कपाटात लपवली होती. आणि ती शेवटचीही नव्हती."

नीरजाने तोंडावर पदर घेतला. गंगाराम पलंगावरच्या आपल्या जुन्या सोबत्यावर वाकले. "मास्तर, तुमाला ठाऊक होता?"

भास्कर मास्तरांनी मान हलवली. हो.

गंगाराम खिडकीपाशी गेले. त्यांनी ताटली उचलली. "पाळकाचा हात थरथरतोय. मी देतो. नियमात बसत नसेल तर मंडळीनं मला बाहेर काढावा." त्यांनी भाकर आणि प्याला आधी हेमाला दिला, मग मास्तरांना. घोट उतरताना हेमाला आनंद झाला नाही, मोकळंही वाटलं नाही. एवढंच वाटलं, की रसात साखर जास्त पडली आहे, आणि आपण केला असता तर असा झाला नसता. मग मात्र ती रडली.

भास्कर मास्तर त्याच आठवड्यात गेले. मातीला चिपळूणहून शमुवेल आला होता, बायकोमुलांना घेऊन. गंगारामांनी मंडळीत सगळं उघड केल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "तेव्हा मी विचारायला आलो होतो, हेमा," तो एवढंच म्हणाला.

उन्मेषचं पाळकपद गेलं. पाळकाचं घर सोडावं लागलं, आणि नीरजा काही दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली, पण परत कधी येणार ते तिने सांगितलं नाही. एका सकाळी तो एक बॅग घेऊन अंगणात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"ताई, मला क्षमा करशील?"

हेमा अंगण झाडत होती. ती थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं तिला तेव्हाही बोलता आलं नव्हतं, आताही आलं नाही.

"आज नाही, उन्मेष. कधी होईल ते मला माहीत नाही. तुला क्षमा करता यावी, हे मी देवाकडे रोज मागते, तेवढंच सांगते."

त्याने मान हलवली आणि बॅग उचलली.

"कुठे चाललास? मी जा म्हटलं नाही." तिने खराटा भिंतीला टेकवला. "बाबांची खोली झाडून ठेवली आहे. आणि एक ऐक. प्यावंसं वाटलं, तर लपवू नकोस. मला येऊन सांग. प्यायलास, तरी येऊन सांग."

तो तिथेच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागला. हेमाने त्याला जवळ घेतलं नाही. तिने त्याची बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.