पुन्हा उभा राहणारा पाइप

सोमवारचं माझं काम ठरलेलं, पाइप आडवे पाडायचं. जुन्या खाणवाल्यांनी नेवाडाच्या या उंच माळावर हद्दीच्या खुणा म्हणून प्लास्टिकचे पोकळ पाइप रोवून ठेवलेत. घरट्याला जागा म्हणून पाखरू वरून आत शिरतं. गुळगुळीत नळीत ना पंख उघडता येत, ना वर चढता येत. तिथेच मरतं. मी आडवे पाडायचे आणि शेजारच्या रॉयसच्या फटफटीवाल्या टोळक्याने शर्यतीच्या खुणा म्हणून पुन्हा उभे करायचे. डोक्याला नुसता ताप.

त्यात खोऱ्यात पिंगळ्यांची एकच जोडी उरलेली. मादीच्या पायात मीच ओळखीचा आकडा कोरलेलं लाल कडं पकडीने दाबून बसवलं होतं. ती आठवडाभर बेपत्ता, आणि नर खडकावर बसून साद घालून घालून थकलेला. शेवटी त्या संध्याकाळी मी रॉयसला जेवणावरून उठवलं आणि गाडीत घालून नेलं.

"लव्हर्न, एका घुबडापायी माझं जेवण गार केलंस."

"तू उभे केलेस ना? मग तूच पाड."

शेवटच्या पाइपापाशी तो थबकला. वारा पडला होता, झुडपांचा कडवट वास दाटला होता. आतून नखांची खरखर येत होती. थांबून थांबून.

"जिवंत आहे गं..." तो पुटपुटला.

दोघांनी पाइप उपटून अलगद आडवा ठेवला. पिंगळी चालत बाहेर आली. पायात लाल कडं. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि उडून गेली. मला रडूच आलं.

रॉयसने सवयीने पाइप झाडला. पिसं पडली, वाळकी हाडं पडली. आणि एक लाल कडं. मी उचलून पाहिलं. आकडा तोच, माझ्याच पकडीचा ओरखडा. आठवड्यात हाडं अशी वाळत नाहीत.

"मग आत्ता गेलं ते..." रॉयस चाचरला.

"गप. गाडीत बस."

खडकावरून नराने साद घातली. या वेळी तिला उत्तर आलं.

रॉयस आता टोळक्याला तिकडे फिरकूही देत नाही. तरी दर सोमवारी तो एक पाइप उभाच. भोवती ना चाकाची खूण, ना बुटाची. आणि आत खरखर. वैताग आलाय मला या सगळ्याचा. रॉयस म्हणतो, "नको जाऊस बाई."

न जाऊन कसं चालेल? एखाद्या सोमवारी आत खरंच जिवंत पाखरू असलं तर?