सुई नसलेला दिवस

लिफ्टचं दार मिटता मिटता फटीतून एक हात आत आला, मग एक फुगलेली पिशवी, आणि शेवटी त्या दोघांचा मालक. पिशवीला आल्याचा वास येत होता.

सिस्टरने नाक मुरडलं. चौथ्या मजल्यावरच्या मुलांच्या कॅन्सर वॉर्डात तिने सहा वर्षं काढली होती, आणि केमो चालू असलेल्या पोरांना कुठलाही वास सोसत नाही म्हणून ती स्वतः बिनवासाच्या साबणाने अंघोळ करायची. तेवढ्यात लिफ्टमधल्या एका आईने पिशवीत काय आहे ते विचारलं, आणि स्वारी खुलली. त्याने इलॅस्टिकचा एक निळा पट्टा काढला. आतल्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढी गोटी शिवलेली. हा मनगटाला बांधला की पुष्कळ मुलांची मळमळ कमी होते, असं तो सांगू लागला.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीला कारणही तसंच होतं. मागच्या वर्षी असाच एक गोडबोल्या भुकटीच्या डब्या घेऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचा. त्याच्या नादी लागून एका बापाने मुलाची केमो अर्ध्यावर सोडली. चार महिन्यांनी ते पोर परत आलं, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. शेवटपर्यंत त्याच्या उशाशी सिस्टरच होती.

म्हणून चौथा मजला येताच तिने पिशवीवाल्याला जिना दाखवला. नुसता दाखवून थांबली नाही. चारही मजले त्याच्याबरोबर उतरली आणि प्रत्येक मजल्याला नव्याने कानउघाडणी केली. आजारी लेकरांच्या आईबापांना गाठून काय मिळतं, घरी आरसा आहे की नाही, सगळं विचारून झालं. तो मुकाट्याने ऐकत उतरत होता. मधे एकदा त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेवढीच हालचाल.

तळमजल्यावर पोचल्यावर तो म्हणाला, "तुमचं सगळं पटलं. औषध सोडायला लावणाऱ्याला मीही असंच खाली आणलं असतं. कदाचित थोडं ढकलत."

"मग निघा."

"निघालो असतो, पण... मोठ्या डॉक्टरांनी दहाला वर बोलावलंय. सव्वादहा झाले. लिफ्टने जाऊ की जिन्याने, तेवढं सांगा."

मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. केमो चालूच राहणार, ओकारी थांबवायचं औषधही चालूच राहणार. त्याच्या जोडीला मनगटाचा पट्टा, श्वासाचे खेळ, डोळे मिटून ऐकायच्या गोष्टी. तो याचंच शिक्षण घेऊन आला होता. काही मुलांना फरक पडतो, काहींना अजिबात नाही. नोंदी ठेवायच्या आणि तीन महिन्यांनी ठरवायचं. वेळापत्रक मात्र सिस्टरने आखायचं.

सिस्टरने ते दोन ओळींत आखलं. फक्त मंगळवारी, म्हणजे केमोच्या दिवशी, सलाईन लावायच्या आधी पंधरा मिनिटं. बाकीच्या दिवशी वॉर्डात फिरकायचं नाही. हातातलं पेन तिने इतकं दाबलं होतं की खालच्या कागदावरही अक्षरं उमटली. त्याने ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आभार मानले, याचा तिला आणखी राग आला.

वॉर्डाने त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं. त्याला बसायला जागा मिळाली ती चादरींच्या कपाटाशेजारी, तीही स्टुलावर.

पहिल्याच मंगळवारी त्याची गाठ वकीलीणबाईंशी पडली. वकीलीणबाई आठ वर्षांच्या होत्या, रक्ताच्या कॅन्सरच्या होत्या, आणि पुराव्याशिवाय कुणाचं काही मानत नव्हत्या. दर दुसऱ्या मंगळवारी त्यांची केमो असायची, आणि संध्याकाळपर्यंत सात-आठ ओकाऱ्या ठरलेल्या. पोटात काही उरत नसे तरी पोटाचे पिळे थांबत नसत. नव्याने आलेला शिकाऊ डॉक्टर मागच्या नोंदी वाचून म्हणाला की केमो म्हटल्यावर ओकारी होणारच.

"ज्यांना होत नाही ते म्हणतात होणारच," सिस्टर आणि पट्टेवाला एकाच दमात बोलले.

शब्दसुद्धा तेच. दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं... आणि सिस्टरनेच आधी नजर वळवली. आपण ज्याच्यावर चिडायचं त्याने आपल्याच गोष्टीवर चिडावं, हे तिला मुळीच आवडलं नाही.

पट्टा बांधण्याआधी वकीलीणबाईंनी पुरावा मागितला. आधी सिस्टरला बांधून दाखव. पट्टेवाल्याने सिस्टरकडे पाहिलं. तिने नाइलाजाने हात पुढे केला.

"तुमचीच तीन बोटं ठेवा, मनगटाच्या घडीखाली," तो म्हणाला. "माझी चालणार नाहीत. ज्याचं मनगट त्याचीच बोटं, म्हणजे माप चुकत नाही."

तिने बोटं ठेवली. बोटांच्या खाली, दोन शिरांच्या मधोमध, त्याने आपला अंगठा अलगद टेकवला. हात कोमट होता आणि अजिबात घाईत नव्हता.

"दुखतंय?"

"नाही."

"मी नाडी बघत नाहीये सिस्टर, पण... जरा पळतेय."

"जिने चढून आलेय," ती फणकारली. सकाळपासून ती वॉर्डाबाहेर पडली नव्हती, आणि हे वकीलीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण त्या आपलं मनगट पुढे करून मोकळ्या झाल्या.

त्या दिवशी तीन ओकाऱ्या झाल्या. पुढच्या खेपेला दोन. सिस्टरने दोनदा मोजून वहीत लिहिलं, आणि त्या संध्याकाळी बसस्टॉपवर उभं राहून ती कारण नसताना हसली. मग स्वतःवरच वैतागली. आता मंगळवार आला की ती केस जरा नीट बांधायची. चादरींच्या कपाटातून चादरी काढायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. तो स्टूल सरकवून वाट द्यायचा आणि म्हणायचा, "आज कुठला जिना दाखवताय?" ती म्हणायची, "अजून ठरलं नाही." एवढंच बोलणं. पण ते चुकलं तर बुधवार बेचव जायचा.

आणि तिसऱ्या खेपेला सगळं फिसकटलं.

वकीलीणबाई आईचा हात धरून वॉर्डाच्या दारात आल्या. सलाईन अजून खुंटीला लागलंही नव्हतं. पट्टेवाल्याने स्टुलावरून हसून निळा पट्टा हलवला, आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिथेच, दारातच, भडाभडा ओकारी. त्या दिवशी नऊ झाल्या. त्यातल्या चार सुई टोचायच्या आधीच्या.

आई भिंतीला टेकून रडत होती. चार केमो अजून बाकी होत्या, आणि पोरगी गादीला तोंड लावून एकच वाक्य म्हणत होती की मी आता इथे येणार नाही. आईने डोळे पुसले आणि अगदी शांतपणे सांगितलं की हिचे बाबा महिनाभर हेच म्हणताहेत, बस झालं आता. मागच्या वर्षीचं ते उशीपाशी बसणं सिस्टरला आठवलं.

तिने पट्टेवाल्याला जिन्यात गाठलं.

"तुम्ही आलात आणि हे झालं. माझंही डोकं फिरलं होतं म्हणून मी त्या वहीत आकडे लिहीत बसले. ती पोर आली नाही तर काय होईल, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याचा हात खिशाकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला.

सिस्टर तणतणत वॉर्डात परतली. वकीलीणबाई निपचित पडल्या होत्या. सिस्टरने ओल्या फडक्याने पोरीचं तोंड पुसलं आणि विचारलं, पट्टेवाल्याने काही केलं का तुला?

"काही नाही केलं. तो चांगला आहे," वकीलीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पण तो आला की सुई येते. तो नसला की येत नाही. मग मला त्याला बघून होणारच ना?"

सिस्टर फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. फक्त मंगळवारी. सुईच्या आधी पंधरा मिनिटं. बाकीच्या दिवशी फिरकायचं नाही. तिच्याच अक्षरातला तो कागद, आकसाने लिहिलेला. त्या दोन ओळींनी पोरीच्या पोटाला पक्कं शिकवलं होतं की हा माणूस म्हणजे सुईची वर्दी. त्याच्या पट्ट्याचा घात तिच्या वेळापत्रकाने केला होता. त्याच्या खिशात तो कागद होता, आणि जिन्यात त्याने तो काढला नव्हता. हे कळल्यावर तिला स्वतःचा जो संताप आला, तसा तो आजवर कुणाचाच आला नव्हता.

ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि चूक माझी आहे असं सांगून मोकळी झाली. तिथून जिन्यात. तो अजून पायरीवरच बसला होता.

"बोलला का नाहीत? कागद माझा होता."

"वाचला तेव्हा मलाही सुचलं नव्हतं, शिकलोय हेच, तरीही. आज दारात कळलं. आणि तुम्ही त्या पोरीसाठी ओरडत होता. त्यात कागद कुठे मधे घालू?"

"मला दोष द्यायचा होता. मला बरं वाटलं असतं."

"मला वाटलं नसतं," तो म्हणाला, आणि पायरीवर सरकून त्याने तिला जागा दिली. ती बसली.

त्यांनी तिथेच ठरवलं. सिस्टरने आईबाबांना हात जोडून दोन शनिवार मागितले. सुई नाही, सलाईन नाही, वॉर्डही नाही. हॉस्पिटलमागच्या बागेतलं बाकडं. गणवेशही सुईचाच साथीदार, म्हणून सिस्टर पिवळ्या कुडत्यात आली. तिला बघून पट्टेवाल्याच्या हातातला चेंडू घरंगळत झाडीत गेला. वकीलीणबाईंनी तो शोधून आणला आणि दोघांकडे आळीपाळीने संशयाने पाहिलं. निळा पट्टा हद्दपार झाला होता. लाल पट्टा आधी बाहुलीला बसला, मग पट्टेवाल्याला, मग बाबांना. दुसऱ्या शनिवारी वकीलीणबाईंनी स्वतःची तीन बोटं ठेवून तो स्वतःच बांधला, आणि सबंध सकाळ काहीही झालं नाही. काहीही न होणं इतकं गोड असतं, हे सिस्टरला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी पोरगी वॉर्डाच्या दारातून आत आली. लाल पट्टा घरूनच बांधलेला. दार ओलांडताना थबकली, श्वास मोजला... आणि आली. त्या दिवशी दोन ओकाऱ्या झाल्या, दोन्ही सलाईननंतरच्या. आईने बाबांना फोन करून फक्त आकडा सांगितला. उरलेल्या तीनही केमो पार पडल्या. कधी एक, कधी तीन, एकदा पाच. पण दारातली एकही नाही.

शेवटच्या केमोबरोबर ते ठरलेले तीन महिनेही संपले. पट्टेवाल्याला ठेवायचं की नाही, ते वरचे लोक पुढच्या बैठकीत बघणार होते. म्हणजे आता मंगळवार नाही आणि शनिवारही नाही. तो दिवस सिस्टरने सगळ्यांवर डाफरत काढला.

गुरुवारी दुपारी ती चादरी घ्यायला गेली, तर स्टुलावर तो बसलेला. पिशवी नाही, वही नाही, पट्टा नाही.

"आज कुणाची केमो नाही," ती म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण तो चढेना. "का आलात?"

"काही काम नाही. ज्या दिवशी काहीच व्हायचं नसतं, त्या दिवशी यायचं... म्हणजे माणसाला बघून भीती वाटत नाही. तुमच्याकडूनच शिकलो." तो उठून उभा राहिला. "मला तुम्ही आवडता सिस्टर. त्या जिन्यापासून. तिसऱ्या मजल्यापासून, नेमकं सांगायचं तर."

तिच्या हातातल्या चादरी घसरल्या. तिने त्या उचलल्या नाहीत.

"मला हल्ली तुमचा राग येत नाही," ती धुसफुसत म्हणाली. "आणि त्याचाच फार राग येतो."

मग तिने आपलं मनगट त्याच्यापुढे धरलं. त्याने सवयीने तिच्या बोटांची वाट पाहिली. तिने मान हलवली आणि म्हणाली, "आज तुमची ठेवा."