पलीकडून ठोकळा कोण धरतं?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी भुताखेतांना हसणारी बाई. निदान तेव्हा होते. हे माझ्या सख्ख्या भावाच्या शेडमध्ये घडलं. शनिवारी, भर दुपारी.

दादा घरामागच्या शेडमध्ये छोटं विमान बांधतो. स्वतः उडवायला. वहिनी त्या विमानाला "माझी सवत" म्हणायची. वर "सवतीचं बाळंतपणही मलाच करावं लागतंय" म्हणून हसायची. कारण पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. पत्र्याच्या अलीकडून दादा ठोकायची हवेची गन चालवणार, पलीकडून वहिनी लोखंडी ठोकळा दाबून धरणार. एकमेकांचं तोंड दिसत नाही, गनपुढे बोलणं ऐकू येत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या.

ठोकळ्यानं पत्र्यावर दोनदा टकटक केलं, तर रिव्हेट चांगला बसला.

तीनदा केलं, तर वाया गेला. काढून टाक.

फेब्रुवारीत वहिनी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. ठोकळा माझ्या हातात आला.

शेपटीच्या रडरची, म्हणजे विमान वळवणाऱ्या उभ्या पंखाची, मागची धार तेवढी राहिली होती. तिथे दोन पत्रे एकत्र येतात. ती केसभर वाकडी झाली तरी हवेत शेपटी थरथरते, आणि मग माणूस घरी येत नाही. म्हणून रिव्हेट ओळीनं ठोकायचे नसतात. एक इथे, एक तिथे, मग मधले.

पहिला रिव्हेट बसला. मी दोनदा वाजवलं.

"तीन का गं?" दादानं विचारलं.

"दोनच वाजवले रे."

त्यानं ड्रिलनं तो काढला, नवा ठोकला. मी दोनदा वाजवलं, हात मागे घेतला आणि...

टक.

हा तिसरा माझा नव्हता.

पुढच्या प्रत्येक रिव्हेटला तेच. दादानं पट्टी लावून पाहिली. धार अगदी सुतासारखी सरळ. "ऊन आहे, पत्रा वाजतो," म्हणाला, आणि त्यानं काम पुरं केलं.

मग तो शनिवार आला. पहिलं उड्डाण आठवड्यावर आलं होतं. आम्ही दोघंही रडरच्या अलीकडे उभे होतो. ठोकळा पलीकडे स्टुलावर होता. आणि पलीकडून...

आवाज आला.

दादाचा चेहरा उजळला. "ऐकलंस? दोन! तिनं पास केलं गं."

मी तीन ऐकले होते.

परोपरीनं सांगून पाहिलं. ऐकेल तर शपथ! वहिनी गेल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता, आणि हसतच विमान धावपट्टीवर न्यायला ट्रेलर आणायला गेला.

मी ड्रिल उचललं. म्हटलं, भाऊ जन्मभर रागावला तरी चालेल, पण जिवंत राहू दे. पहिल्या रिव्हेटचं डोकं उडवलं...

टक टक.

दोन. म्हणजे, बरोबर.

पलीकडे जाऊन पाहिलं. कोणी नाही. ठोकळा स्टुलावरच होता. त्यावर घामाच्या बोटांचे ठसे होते... ओले.

माझ्या डोळ्यांदेखत ते सुकले.

तरी मी थांबले नाही. रडत रडत सगळे रिव्हेट काढले, पत्राही फाडून ठेवला. दर वेळी दोन टकटक.

दादा परतला. ओरडला नाही. "बाहेर हो," इतकंच म्हणाला. आज सहा महिने झाले, माझ्याशी बोलत नाही.

त्यानं नवा पत्रा आणलाय. मला बोलावत नाही. आतून कडी लावतो आणि एकटाच काम करतो.

शेजारीच माझं घर. मी मागे कपडे वाळत घालते, तेव्हा ऐकू येतं. गन वाजते... थांबते...

आणि कोणीतरी उत्तर देतं.

गन आणि ठोकळा एका माणसाच्यानं होत नाही. पलीकडून कोण धरतं, हे विचारायची माझी हिंमत नाही. गन थांबली की मी दोन्ही कानांवर हात दाबते. टकटक किती वेळा झाली, ते मला कळायला नको.