सोमवारचा फोटो

"माझे मिस्टर थेंबभरही घेत नव्हते," खुर्चीत टेकण्याआधीच निरीक्षकाच्या बायकोने सांगून टाकलं.

पालिकेचा बांधकाम निरीक्षक मंगळवारी सकाळी नव्या भुयारी मार्गाच्या कामावर, वीस फूट खोल खड्ड्यात मेलेला सापडला होता. शेजारी बाटली. 'दारूच्या नशेत तोल गेला' असा शेरा पडला. शुक्रवारी तो कायम झाला की बाईला पालिकेचं घर सोडावं लागणार होतं, आणि नवऱ्याच्या नावाला लागलेला बट्टा जन्मभर राहणार होता.

"माझा भाऊ तिथेच मुकादम आहे. यांनीच चिकटवलं त्याला. आमच्याकडेच राहतो," ती म्हणाली. "तो म्हणतो, गेलेल्या माणसाची चिरफाड कशाला?"

खासगी तपास करणाऱ्या अक्काने काम घेतलं. तिचा धाकटा भाऊ नाना टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून तिच्या मागे मागे असे. त्याला मुकादम समजूतदार वाटला. नानाला बहुतेक सगळेच समजूतदार वाटत.

मृतदेह तपासणारे डॉक्टर दोन वाक्यांत मोकळे झाले. दारू शर्टावर होती, पोटात नव्हती.

कामावर ठेकेदार एका मजुरावर तुटून पडला होता. "गाढवा, तासापूर्वी ओतलेल्या काँक्रीटवर पाणी सोडतोस? घट्ट होऊ दे की! उद्या सकाळी वर मातीची आळी बांध आणि मग त्यांत पाणी भर." अक्काला पाहताच त्याचा आवाज मधाळ झाला. "सोमवारी मी परगावी, निधीच्या बैठकीत होतो. शंभर माणसं साक्षीला आहेत. सोमवारपर्यंत छताचा स्लॅब झाला नसता, तर पुढचा निधी परतच गेला असता."

इंजिनिअर पंधरा दिवस पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडून होता. "निरीक्षकाने सळया पाहून सही केल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, हा नियम," तो म्हणाला. "एकदा झाकल्यावर आत काय आहे ते देवच जाणे."

मुकादमाचे डोळे रडून सुजले होते. "भाऊजी सोमवारी दुपारी बाराला आले, सळया मोजल्या, सही करून गेले. दोनला आम्ही स्लॅब ओतायला घेतला. संध्याकाळी पिऊन परत आले असतील. मी नाही पाहिलं."

"कामाचे फोटो कोण काढतं?"

"मीच. निधीवाल्यांना रोज पाच वाजता एक पाठवावा लागतो, तारखेची पाटी ठेवून."

सोमवारचा फोटो नानाने चष्मा पुसून पाहिला. पाटी, तारीख, लांबरुंद स्लॅब, त्यावर भाजीच्या वाफ्यांसारखे चौकोन आणि त्यांतल्या पाण्यात निळं आभाळ.

"छान आलाय," नाना म्हणाला. अक्काने पाटीवरची तारीख पुन्हा वाचली.

गुरुवारी इंजिनिअरच्या घरी तिने सगळ्यांना बसवलं. निरीक्षकाची बायको आणि फौजदारही होते.

"नाना, ताज्या काँक्रीटवर पाणी सोडतात का?"

"छे! तो मजूर त्यावरूनच शिव्या खात होता ना."

"मग दोनला ओतायला घेतलेल्या स्लॅबवर पाचला आळी बांधून पाणी कसं भरलेलं? तो स्लॅब रविवारचा होता. सुट्टीच्या दिवशी, निरीक्षकाच्या नकळत ओतलेला. मग सोमवारी बाराला त्याने कोणत्या सळया मोजल्या? त्या झाकलेल्या होत्या. म्हणजे ती भेट झालीच नाही, आणि सहीही खोटी. एका घरात राहणाऱ्याला नक्कल जड जात नाही." ती मुकादमाकडे वळली. "ते आले पाचनंतर. स्लॅब पाहिला आणि फोडायला सांगितला. खोटं तुला त्यानंतर सुचलं. पण फोटो तू सवयीने आधीच पाठवून बसला होतास."

मुकादमाने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार खिडकीबाहेर बघत होता.

"सळया निम्म्याच होत्या," मुकादम पुटपुटला. "निधी आला की भागीदारी देणार होते मला."

"मी? याला?" ठेकेदार हसला. "लेखी आहे का काही?"

नानाला वाटलं, आता निरीक्षकाची बायको भावाच्या थोबाडीत मारेल. तिने फक्त विचारलं, "पडल्याबरोबर गेले का रे ते?"

"नाही. तासभर जिवंत होते."

"काय म्हणाले?"

मुकादमाला हुंदका आवरेना. "मी ढकललं हे त्यांना कळलंच नव्हतं, ताई. म्हणत होते, तू उतरू नकोस, कड ढासळतेय, तुला लागेल."

फौजदारांनी शेऱ्याचा कागद फाडला आणि घर आता बाईंकडेच राहील असं सांगितलं. तिने मान हलवली.

"आधी याची खाट तिथून बाहेर काढा," ती म्हणाली.