अंगठ्याची दोरी

"हा हातमोजा कुणी शिवलाय?" मी तणतणले, तसं यंत्रामागून एक डोकं वर आलं.

"मी... म्हणजे, मोटार माझी. शिवण कारखान्याची."

"तरीच! अंगठ्यावर केवढी चुणी पडलीय. बाबांना रुततेय ती."

ही आमची पहिली भेट. दवाखान्याची व्यायामखोली, बाबांचा उजवा हात रोबोटिक हातमोज्यात आणि माझा पारा चढलेला. मोज्याच्या प्रत्येक बोटाला दोरी होती. मोटारीने ती ओढली, की पक्षाघाताच्या झटक्याने लुळं पडलेलं बोट मिटायचं. बाबा शिंपी. चार बोटं हळूहळू साथ देऊ लागली होती, पण अंगठा ढिम्म!

"अंगठ्याशिवाय कात्री कशी धरायची? महिनाअखेरपर्यंत हलला नाही, तर दुकान बंद," बाबांनी जड जिभेने सांगून टाकलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं, आणि न्हाणीघराचा नळ सोडून पोटभर रडले.

"मी उसवून शिवू?" मी विचारलं.

"परवानगी लागेल," यंत्रवाला म्हणाला. "अर्ज करतो."

परवानगी यायला तीन आठवडे लागले. तोवर दर खेपेला तो त्या चुणीखाली स्वतःच्या हाताने कापूस ठेवायचा, आणि मी त्याच्या शर्टाच्या तुटक्या बटणावरून त्याला छळायची. बटण काही तो लावून घेत नव्हता. मीही 'कधी लावणार?' म्हणून सारखी विचारत होतेच की...

एका सकाळी तो परवानगीचा कागद फडकवतच आला. मी मोज्याचा अंगठा उसवला, चुणी काढली, बारीक टाके घातले. तो समोर बसून बघत होता — टाक्यांकडे नाही. सुई दोनदा माझ्या बोटात घुसली, ती काय उगाच?

"झालं. दोरी तेवढी तुम्ही अडकवा."

"हो, हो..." म्हणत त्याने मोजा बाबांच्या हातात चढवला आणि यंत्र सुरू केलं.

चार बोटं मिटली. मागोमाग अंगठाही, थरथरत, आत वळला.

"बघा! शिवण नीट असली की—" मी मिरवू लागले आणि थांबले. यंत्रवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. अंगठ्याची दोरी मोज्याबाहेर लोंबत होती.

"मी... ती अडकवलीच नाही."

"मग अंगठा कुणी हलवला?"

त्याने घाईने मोटार बंद केली. "काका, पुन्हा एकदा?"

बाबांनी दात-ओठ खाल्ले. अंगठा हलला. आपला आपण! माझा जीव भांड्यात पडला, आणि मी बाबांच्या गळ्यात पडून रडले. या वेळी नळ सोडायची गरज नव्हती.

"इतकं कसं विसरलात?" डोळे पुसत मी यंत्रवाल्याला दटावलं. "लक्ष कुठे होतं?"

"सुई ओवताना तुम्ही एक डोळा मिटता..." तो कानापर्यंत लाल झाला. "तिथे. पहिल्या दिवसापासून तुमच्याकडेच आहे."

मी उगाच सुई-दोरा आवरू लागले. बाबांनी मात्र वेळ दवडला नाही.

"टेप काढ, पोरी. लग्नाच्या कोटाचं माप घेऊ याचं."

"बाबा!... आधी त्यांना विचारा तरी."

"मी तयार आहे," तो चटकन म्हणाला. "तुम्ही?"

"आधी ते बटण लावून देते," मी म्हटलं. "मग आयुष्यभर बघू."

टेपचं एक टोक मी त्याच्या खांद्यावर लावलं, दुसरं बाबांकडे दिलं. ते निसटलं. बाबांनी पुन्हा उचललं, आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.