बारा ते दोनचा पहारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी पुढचं सांगणार नाही. भूत म्हटलं की तुम्हाला अमावास्या लागते, पिंपळ लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. जे झालं ते चैत्रातल्या रखरखीत दुपारी झालं, मारुतीच्या देवळात, भोंगा चालू असताना.

मी गोपाळ. बुलढाण्याला कचेरीत कारकून, वय अठ्ठेचाळीस. आमचं गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे हनुमान जयंतीला सप्ताह असतो. सात दिवस, सात रात्री वीणा चालू राहते. ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, तार छेडत ‘रामकृष्ण हरी’ म्हणायचं आणि दोन तासांनी पुढच्याच्या गळ्यात घालायची. खाली ठेवायची नाही, हा एकच कडक नियम. प्रत्येक घराचा पहारा ठरलेला. आमच्या घराचा बारा ते दोन, म्हणजे कुणालाच नको असतो तो. माझ्या वडिलांनी, उत्तमरावांनी, तो तीस वर्षं केला. मागच्या दिवाळीत ते गेले आणि पहारा माझ्याकडे आला.

खरं सांगू? वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. सगळे म्हणाले, गोपाळ मनाचा घट्ट आहे. घट्ट कसला डोंबलाचा! आत काही हललंच नाही. मला त्याचीच भीती बसली. मग मी काय काय नाही केलं? दहा दिवसांचं मौनाचं शिबिर केलं. फोनवर ध्यानाचं ॲप घेतलं. त्यातली बाई रोज सकाळी ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणायची आणि माझं लक्ष बॅटरीकडे. ‘मी कोण’ नावाच्या वर्गाला तीन रविवार गेलो, चौथ्या रविवारी गॅसची टाकी यायची होती. शेवटी माझी बायको प्रतिमा वैतागून म्हणाली, “तुम्ही सगळ्यांना हो म्हणता, पण आत कुणी राहतं का, ते मला पंचवीस वर्षांत कळलं नाही.”

म्हणून मी पहाऱ्याला गेलो. एकदा तरी आपण जिथे उभे आहोत तिथे पूर्ण असावं, एवढंच मला हवं होतं.

बाराला वीणा गळ्यात आली. सभामंडपात शेंदराचा, तेलाचा आणि तापलेल्या सतरंज्यांचा वास. बाहेर चिटपाखरू नाही. दोघं टाळकरी होते, तेही तासाभरात “जेवून येतो” म्हणून गेले. देवळाच्या बाजूला सावलीत बद्रुद्दीनभाई आपल्या मशिनजवळ बसलेले. जळगावचे मंडपवाले, दर वर्षी भोंगा त्यांचाच. पहिला अर्धा तास बरा गेला. मग पाय दुखले. मग खिशातला फोन थरथरला, एकदा, दोनदा, पाच वेळा. साहेबांचाच असणार. तोंडाने मी ‘रामकृष्ण हरी’ म्हणत होतो आणि डोक्यात मार्चची माहिती पाठवली की नाही ते चाललं होतं.

दोन वाजले. पुढचा पहारा मनकर्णाकाकूंचा. त्यांचं घर देवळासमोरच, पण दार बंद. दोन वाजून पाच, दहा. साहेब पुन्हा थरथरले. मला असा संताप आला म्हणता, म्हातारी झोपली असणार खुशाल!

तेवढ्यात कुणीतरी आलं.

दारातून ऊन आत येत होतं आणि तो उन्हाला पाठ करून आला, त्यामुळे तोंड दिसलं नाही. मी बघायचा प्रयत्नही केला नाही, घाईच तेवढी होती. रीतीप्रमाणे तो माझ्या पाया पडला, मी त्याच्या पडलो. वीणा माझ्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातली. तार एकदाही थांबली नाही. माझा हात सुटला होता आणि त्याचा अजून पोचला नव्हता, तरी ती वाजत होती. छातीत एकदम हलकं वाटलं. सुटलो बुवा, असं मी मनात म्हणालो आणि पायरी उतरता उतरता फोन कानाला लावला. “हो साहेब… हो साहेब.”

गाडीत बसून बोललो. बोलणं संपलं तेव्हा काच खाली केली आणि भोंग्याचा आवाज आत आला.

काय आवाज होता तो! गोड नव्हे, थोडा घोगराच. पण म्हणणारा पूर्णच्या पूर्ण त्यात होता. ‘हरी’ म्हणताना तो कुणालातरी हाक मारत होता आणि ज्याला हाक मारत होता तो जवळच उभा असल्याची त्याला खात्री होती. मला हेवा वाटला, लाजत नाही सांगायला. एवढी शिबिरं केली, पैसे भरले, आणि हा कोण गावातला माणूस फुकटात जेवायला बसलाय, असं वाटलं. मधेच त्याचा आवाज फुटला. तो रडत होता. रडत रडत म्हणत होता.

तीनच्या सुमारास आवाज बदलला, बाईचा झाला. त्या माणसाला भेटावं म्हणून मी उतरलो. देवळात मनकर्णाकाकू वीणा घेऊन उभ्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं. चारला त्यांचा पहारा संपला, तशा त्या माझ्याकडे आल्या आणि माझा गाल कुरवाळला.

“मले डोळा लागला बापू, उशीर झाला. पण आज तुनं बापाचं नाव राखलं. मी दे दे म्हणून राह्यली, तू वीणा सोडूच नाही राह्यला.”

“काकू, मी दोनलाच गेलो. दुसऱ्याला दिली.”

“कोनाले? मी तं तुह्याच हातातून घेतली. बापाच्या नावानं केवढा रडला तू माह्या खांद्यावर! हे पाह्य, लुगडं अजून ओलं हाय.”

मी बघितलं. ओलं होतं.

बाहेर बद्रुद्दीनभाई मशिनच्या तारा ठीकठाक करत होते. मी त्यांना गाठलं. “भाई, दोन ते तीन मी कुठे होतो?”

“गाडीत. मी पाह्यलं ना तुमाले, काच लावून फोनवर बोलून राह्यले होते.”

“आणि माइकवर?”

“तुमचा भाऊ असन म्हटलं. सेम टू सेम आवाज.”

मला भाऊ नाही. भाईंनाही ते आठवलं असावं, कारण ते मशिनकडे वळले. सप्ताह समितीच्या ग्रुपवर टाकायला त्यांनी सगळं रेकॉर्ड केलं होतं. त्यांनी ते मागे नेऊन लावलं. वीणा, ‘रामकृष्ण हरी’, मग कपड्यांची सळसळ, मग पुन्हा ‘रामकृष्ण हरी’, आणि त्याच्या मागे, लांब जाणारं, “हो साहेब… हो साहेब.” दोन्ही आवाज एकाच माणसाचे.

“गोपाळभाऊ,” ते हळूच म्हणाले, “मी डिलीट करून टाकतो. तुमीबी इसरून जा…”

विसरतो कसला! दीड महिना मी नीट जेवतखात होतो, कचेरीत जात होतो, आणि आधीपेक्षा बरा चाललो होतो. साहेब खूश. मला राग येईना, कंटाळा येईना. वडिलांचा फोटो पुसताना काहीच होईना. प्रतिमाने माझ्याशी भांडणं सोडून दिलं. एका सकाळी ती चहा पुढे ठेवून मला “घ्या हं” म्हणाली, पाहुण्याला म्हणतात तसं. त्या दिवशी मी घाबरलो. जे शोधत होतो ते मी तोंड न बघता, घाईघाईत, दुसऱ्याच्या गळ्यात घालून आलो होतो.

मी गाडी काढली. गावात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सप्ताह कधीच आटोपलेला, मंडप नाही, भोंगा नाही. देवळाचं दार ओढून घेतलेलं. आतून वीणेचा आवाज येत होता.

मी पायऱ्या चढलो. दाराला कान लावला. ‘रामकृष्ण हरी’, अगदी निवांत, कुठेही जायचं नसलेल्या माणसाचं. मी कडी वाजवली, तसा तो थांबला. तार मात्र चालू होती.

“या ना,” आतून माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, आमच्या घरातल्या बोलीत, जी मी बुलढाण्याला नोकरीला लागल्यावर सोडली. “दार लोटेलच हाय. काऊन उभे राह्यले?”

किती मायेनं म्हणाला हो! त्यानेच मी गारठलो. आत पाऊल टाकलं तर परत एकच जण बाहेर येईल, हे मला लख्ख कळलं. आणि त्या दोघांतला ठेवण्यासारखा कोण, तेही कळलं. दाराच्या कडीवरचा हात मी हळूच काढला, पायऱ्या उतरलो आणि गाडी सुसाट सोडली.

गाव मागे पडलं, जळगावचा फाटा आला तेव्हा फोन वाजला. मनकर्णाकाकू.

“गोपाळ, तू देवळात हायेस ना बापू? तुहा आवाज आला म्हणून फोन लावला. च्या मांडला, ये इकडं. अन् काय रे, आत्ता गाडी घेऊन पयाला, तो मानूस कोन होता?”

मी गाडी कडेला घेतली.

“काकू…”

“थांब. आलाच की तू.” त्यांचा आवाज फोनपासून थोडा लांब गेला. “बस बापू, बस…” नुसता कपबशीचा आवाज. मग त्या एकदम जवळ आल्या, अगदी हळू.

“मंग हे फोनवर कोन हाय?”

“राँग नंबर,” मी म्हणालो, आणि फोन ठेवला.