चांदवीच्या पिल्लांचं जादा गुणसूत्र

“ही पिल्लं तलावात सोडता येणार नाहीत,” शिंपा म्हणाला आणि त्याने टाकीचं झाकण बंद केलं.

शिंपा हा तलावाकाठच्या मत्स्यकेंद्रातला यंत्रमानव. रेवा त्याच्याकडे बघतच राहिली. दुष्काळात बोदरा तलाव आटला, तेव्हा तिथले चांदवी मासे नाहीसे झाले. जवळच्या विहिरीत एकच मादी वाचली. रेवाच्या आबांनी, म्हणजे अनुवंशशास्त्रज्ञ डॉ. विश्राम शेंडे यांनी, दुसऱ्या तलावातून नर आणून तिची पिल्लं वाढवली होती. तलाव आता पुन्हा भरला होता, आणि पिल्लं सोडताना बघायला आज अख्खा गाव काठावर जमला होता.

“का नाही सोडायची?” रेवाने विचारलं.

“यांच्या पेशींत एक गुणसूत्र (आनुवंशिक सूचनांची गुंडाळी) जादा आहे. सदोष मासे नष्ट करायचे, असा नियम आहे.”

आबा चमकले. “आईत ते आहे, वडिलांत नाही. मग साधारण निम्म्याच पिल्लांना मिळायला हवं होतं.”

“पण जवळजवळ सगळ्यांनाच मिळालंय,” शिंपा म्हणाला.

“असं कसं, आबा?”

आबा ओल्या वाळूत बसले. एक मोठं आणि एक छोटं वर्तुळ काढून म्हणाले, “अंडं तयार होताना पेशी दुभंगते. मोठ्या भागाचं अंडं होतं, छोटा वाया जातो. गुणसूत्रांच्या जोडीतलं एक इकडे जातं, एक तिकडे. या जादा गुणसूत्राला मात्र जोडीदारच नाही. ते बहुतेक वेळा अंड्याकडेच सरकत असणार.”

“म्हणजे ते लबाडीने पुढच्या पिढीत शिरतं!” रेवा हसली. मग गंभीर झाली. “पण त्याने मासे आजारी पडतात का?”

“माहीत नाही,” आबा प्रामाणिकपणे म्हणाले.

“मग न बघताच मारायचे? शिंपा, ज्या थोड्या पिल्लांत ते नाही, त्यांच्याशी यांची तुलना कर ना.”

शिंपाने ती थोडी पिल्लं दुसऱ्या टाकीत काढली. “नियमात तपासणीला मनाई नाही.”

गावकरी हिरमुसून घरी गेले. रेवा मात्र रोज केंद्रात येऊन दोन्ही टाक्यांतल्या पिल्लांना खाऊ घालत होती. पावसाळा सरला. दोन्हीकडची पिल्लं सारखीच वाढली, सारखीच चपळ झाली, आणि दोन्हीकडच्या माद्यांनी अंडीही दिली.

“दोष आढळला नाही,” शिंपा म्हणाला. “मी घाई केली.”

“तरी लक्ष ठेवायचं,” आबा म्हणाले. “अशी गुणसूत्रं फार साठली, तर त्रासही होऊ शकतो.”

“मी ठेवीन,” रेवा म्हणाली आणि तिने टाकीचं तलावाकडचं दार वर ओढलं.

वाढलेली पिल्लं आधी दारापाशीच घुटमळली. मग एक पुढे झालं, आणि बाकीची त्याच्यामागे बोदऱ्याच्या गढूळ पाण्यात शिरली.